चौथ्या मजल्यावरची कबुतरं

मुलुंडच्या घरातून निघालो त्या दुपारी टॅक्सी खाली येऊन थांबली होती आणि आई अजून बॅगेच्या कडेला मेतकुटाची पिशवी कोंबत होती. माझा नवरा सुहास वजनकाटा अडकवून बॅग पुन्हा पुन्हा उचलून बघत होता. पाच वर्षांची सानिका नवे बूट घालून घरभर नाचत होती. "परक्या मुलखात जाताय," आई म्हणाली, "कुणी बोट दाखवील असं वागू नका." मी हसले. "आई, आम्ही काय चोऱ्या करायला चाललोय?" तीही हसली. लिफ्टचं दार लागेपर्यंत ती हात हलवत उभी होती. मला वाटलं, तीन वर्षांचा तर प्रश्न आहे.

तीनाची पाच झाली. सुहासच्या बँकेने त्याला टोकियोच्या शाखेत पाठवलं होतं, मग मुदत वाढवली. मी मुलुंडच्या शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवत होते. आधी बिनपगारी रजा घेतली, नंतर राजीनामा ईमेलने पाठवला. स्टाफरूममधल्या मैत्रिणींना मी इथून फोटो पाठवत आले. नदीकाठचा चेरीचा बहर, सानिकाचं पाठीवरचं लाल दप्तर, ऋतूप्रमाणे रंग बदलणारी झाडं. आमच्या बाल्कनीचा फोटो मात्र मी कधी पाठवला नाही. बायांनो, आज तिच्याबद्दल लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणाची मुलगी किंवा सून उद्या इकडे येणार असेल, तर तिनेही वाचावं.

आधी एक सांगायला हवं. मुलुंडला मी कबुतरांची वैरीण होते. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका रोज सकाळी खिडकीत ज्वारी टाकायचे आणि सगळी घाण आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायची. एकदा मी जिन्यात त्यांना गाठून म्हणाले होते, "काका, पुण्य तुमचं आणि घाण आमची, हा कुठला न्याय?" ते वाक्य सोसायटीत बरेच दिवस गाजलं. मलाही त्याचा अभिमान होता.

टोकियोतल्या फुनाबोरी भागात आमचं घर चौथ्या मजल्यावर. आजूबाजूला आपली माणसं बऱ्यापैकी आहेत, वाणसामान मिळतं, गणपती बसतो. पहिली दोन वर्षं शेजारच्या इमारतीत पल्लवी नावाची नागपूरची मैत्रीण होती. सकाळी मुलांना शाळेत सोडलं की आम्ही एकीच्या नाहीतर दुसरीच्या घरी चहा प्यायचो. मग तिच्या नवऱ्याचा प्रोजेक्ट संपला आणि ते परत गेले. इथे आपल्या लोकांचं असंच असतं. ओळख रुजेपर्यंत एकाची जायची वेळ होते. पल्लवीनंतर नवी मैत्रीण करायचा मला कंटाळा आला. खरं तर भीती वाटली.

सुहास सकाळी सातला निघायचा, रात्री जेवणापुरता घरी यायचा. सानिका इथल्याच सरकारी शाळेत जायची. बघता बघता ती जपानी बोलायला, वाचायला शिकली. मी वॉर्ड ऑफिसच्या जपानी भाषेच्या वर्गात दोनदा नाव घातलं आणि दोनदा सोडलं. मला अक्षरं यायची, शब्दही यायचे, पण समोर माणूस उभा राहिला की जीभ टाळूला चिकटायची. बारा वर्षं चाळीस-चाळीस पोरांना गप्प बसवणारी मी, कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, बाईने पिशवी हवी का विचारलं तरी नुसती मान हलवायची. शाळेतून आलेले कागद सानिका मला वाचून दाखवायची. "मम्मा, उद्या डबा न्यायचाय. मम्मा, इथे सही कर." नऊ वर्षांची पोर आणि मी तिच्यासमोर पेन धरून बसलेली.

एका हिवाळ्यात बाल्कनीच्या कठड्यावर एक कबूतर आलं. त्याच्या पायाला दोरा गुंडाळला गेला होता आणि एक बोट झडलं होतं. लंगडत लंगडत ते एसीच्या बाहेरच्या डब्यामागे जाऊन बसलं. मी आदल्या दिवशीच्या पोळीचा चुरा टाकला. दुसऱ्या दिवशी ते आलं, सोबत आणखी एक आलं. आठवड्याभरात पाच-सहा झाली. मी तांदूळ टाकायला लागले.

आणि बोलायला लागले. हे लिहिताना कान गरम होतात. मी त्यांना माझ्या जुन्या वर्गातल्या मुलांची नावं दिली. "काय रे प्रसाद, आज उशीर?" "ऋतुजा, ढकलाढकली नको." धडा शिकवावा तसं मी त्यांना काहीबाही सांगत बसायचे. सुहास घरी कसा गप्प असतो, सानिका माझ्याशी मराठीत बोलायचं कशी टाळते, बाजारात शेवग्याची शेंग दिसली आणि किती महाग होती. कधी जुन्या पाठ्यपुस्तकातलं एखादं पान आठवेल तसं म्हणायचे. माझा आवाज मला ऐकू यायचा. दिवसभरात तेवढाच.

सुहास यायच्या आत बाल्कनी स्वच्छ हवी, म्हणून मी रोज दुपारी बादलीभर पाणी ओतून ती झाडूने धुऊन काढायचे. आपल्याकडे अंगण धुतो तसं. इथल्या बाल्कन्या धुवायच्या नसतात, पुसायच्या असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. ते पाणी कडेच्या पन्हळीतून आणि पन्हळीबाहेरूनही खाली जात होतं.

खाली तिसऱ्या मजल्यावर मोरिता-सान, म्हणजे मोरिताबाई, राहतात. सत्तरीच्या, एकट्या, ताठ चालणाऱ्या. त्या रोज सकाळी आपली गादी बाल्कनीच्या कठड्यावर उन्हात टाकतात, वेताच्या छडीने झटकतात. लिफ्टमध्ये भेटल्या की त्या वाकून नमस्कार करायच्या, मी करायचे. पुढे काही नाही.

वसंतात खाली टपालपेट्यांजवळ एक कागद लागला. त्यावर कबुतराचं चित्र आणि त्यावर लाल फुली. वाचता आलं नाही तरी कळायला काय लागतं? मी घरी येऊन तांदळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. दोन दिवस बाल्कनीचा पडदा उघडला नाही. कबुतरं काचेवर चोची मारायची. तिसऱ्या दिवशी मी स्वतःलाच म्हटलं, एक मूठ टाकली तर कुणाला कळणार आहे?

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी इमारतीचे व्यवस्थापक दारात आले. सुहास घरी होता. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि फोनवर एक फोटो दाखवला. रस्त्यावरून काढलेला. आमच्या कठड्यावर ओळीने बसलेली कबुतरं.

सुहासला कामापुरतं जपानी येतं. त्याने फोटो बघितला आणि शांतपणे सांगितलं की आमच्याकडून असं होणार नाही, आम्ही भारतीय असलो तरी नियम पाळतो, तुमची काहीतरी चूक होते आहे. तो खरोखरच मनापासून बोलत होता. त्याचा माझ्यावर विश्वास होता. व्यवस्थापक अवघडून माफी मागायला लागले. सानिका बाथरूमच्या दारात टूथब्रश घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर जमिनीकडे वळवली.

मी पुढे झाले. "वाताशी देसु," मी म्हणाले. मी आहे ती. गेल्या पाच वर्षांत परक्या माणसाशी न अडखळता बोललेलं माझं हे पहिलं जपानी वाक्य.

सुहासचा चेहरा मी बघितला नाही.

व्यवस्थापकांनी बाल्कनी बघायची परवानगी मागितली. एसीच्या डब्यामागे वाकून त्यांनी टॉर्च मारला आणि तसेच थांबले. आत काटक्या, प्लास्टिकच्या दोऱ्या आणि केसांचा गुंता यांचं घरटं होतं. केस माझेच. त्यात दोन अंडी. मला वाटलं, उचलून नेतील आणि सुटेल एकदाचं. पण नाही. इथे अंडी किंवा पिल्लं परवानगीशिवाय हलवता येत नाहीत. अर्ज करता येतो, नाहीतर पिल्लं उडेपर्यंत थांबायचं. व्यवस्थापक म्हणाले, रहिवाशांना विचारून कळवतो. रहिवाशांनी थांबायचं ठरवलं. कुणी वर चढून भांडायला आलं नाही. तसं कुणी आलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी खालच्या फलकावर नवा कागद लागला: एका घराच्या बाल्कनीत घरटं असल्यामुळे काही आठवडे कपडे आत वाळवावेत, तसदीबद्दल क्षमस्व. घराचा नंबर नव्हता. गरजही नव्हती.

दार बंद करून सुहास खोलीत बसला. बऱ्याच वेळाने बाहेर आला. तो ओरडणाऱ्यातला नाही. म्हणाला, "ऑफिसात मी रोज वाकतो, ते नोकरी म्हणून. आता दारोदार वाकायचंय. आणि मी त्या माणसाला खोटं ठरवत होतो, अनघा. तू माझ्यामागे उभी राहून ऐकत होतीस."

"मी सांगितलं ना मग," मी म्हणाले.

"हो. मग."

सोमवारी सानिका शाळेतून आली आणि दप्तर न काढता उभी राहिली. आमच्या इमारतीतली दोन मुलं तिच्या वर्गात आहेत. हातो म्हणजे कबूतर, आणि चान हे मुलींच्या नावापुढे लावायचं लाडाचं शेपूट. वर्गात तिला हातो-चान म्हणायला लागले होते. तिने मला हे जपानीत सांगितलं आणि मग, मला समजावं म्हणून, मराठीत एक वाक्य जोडलं. "उद्या ओपन डे आहे. तू नको येऊस."

मी गेले नाही. सुहास अर्धा दिवस रजा काढून गेला. त्या दिवशी मी बाल्कनीत गुडघ्यावर बसून ओल्या वर्तमानपत्राने एकेक डाग खरवडत होते. पाण्याचा थेंब खाली जाऊ नये म्हणून कडेला जुने टॉवेल लावले होते. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर बसत होती आणि माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती. मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

माफी मागायची इथे एक रीत आहे. खोक्यातली मिठाई घेऊन सगळ्यांनी जायचं. सुहासने स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानातून सुंदर कागदात गुंडाळलेली खोकी आणली. आजूबाजूची आणि वरची दारं सोपी गेली. लोकांनी दोन्ही हातांनी खोकं घेतलं, "छे, छे" अशा अर्थाचं काही म्हणाले, आम्ही वाकलो, ते वाकले. सानिकाला न्यायला माझा विरोध होता. सुहास म्हणाला, मोरिता-सानकडे माझं जपानी पुरणार नाही.

मोरिता-सान स्वयंपाकाचा एप्रन घालूनच दारात आल्या. सुहासने पाठ केलेली माफी म्हटली. त्यांनी खोकं लगेच घेतलं नाही. त्या बोलायला लागल्या. आवाज चढला नाही, पण बराच वेळ बोलल्या. सुहासची मान खाली गेली, आणखी खाली गेली. मला सुटे शब्द कळत होते. गादी. पाणी. रोज. वास. मी सानिकाला हळूच विचारलं, "काय म्हणताहेत?" ती मोरिता-सानकडेच बघत राहिली.

मग मोरिता-सान थांबल्या आणि सानिका बोलायला लागली. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, शाळेत मुलं उभी राहतात तशी. तिच्या जपानीचं तेज मला कधी ऐकायला मिळत नसे, घरात ती अर्धवट बोलते. तिथे ती एखाद्या मोठ्या बाईसारखी बोलत होती. मी मम्मा हा शब्द ऐकला. थोड्या वेळाने साबिशी ऐकलं.

तो शब्द मी पहिल्या वर्गात शिकले होते. एकटं एकटं वाटणं.

पक्ष्यांची घाण, नासलेली गादी, दारोदार फिरणं, हे सगळं मी कसंबसं पेललं होतं. पण जे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला व्हिडिओ कॉलवर पाच वर्षं दिसू दिलं नव्हतं, ते माझी मुलगी एका परक्या बाईला माझ्या वतीने सांगत होती. क्षमा मिळावी म्हणून. आणि तिला ते ठाऊक होतं.

मोरिता-सान "सो देसु का" एवढंच म्हणाल्या. असं होय. खोकं घेतलं, वाकल्या, दार लावलं.

जिन्यात मी सानिकाला थांबवलं. "तुला कुणी सांगितलं, मला तसं वाटतं म्हणून?"

ती पायरीकडे बघत म्हणाली, "शाळेतून येते तेव्हा ऐकू येतं ना दारातून. तू बोलत असतेस. प्रसाद वगैरे." तिला मराठी शब्द शोधावे लागत होते. "मग मी बाहेर बसते. तुझं झालं की बेल वाजवते."

"किती दिवस?"

तिने खांदे उडवले. "रोज नाही."

सुहास दोन पायऱ्या खाली उभा होता. त्याने सगळं ऐकलं. वर आल्यावर त्याने चहा टाकला. लग्नानंतर त्याने आपणहून चहा केल्याची वेळ मला आठवत नाही. कप माझ्यासमोर ठेवून तो म्हणाला, "मला वाटायचं तुला शांतता आवडते."

पिल्लं निघाली. पिवळी, विरळ केसांची, कुरूप. इमारतीच्या सगळ्या बायका घरात दोऱ्या बांधून कपडे वाळवत होत्या आणि मी वर पिल्लं मोठी होण्याची वाट बघत होते. त्यांच्यावर माया करायचीही लाज वाटावी आणि राग करायचीही. लिफ्टमध्ये कुणी असलं तर मी जिन्याने जायचे. शेवटी एका सकाळी घरटं रिकामं होतं. दुपारी माणूस येऊन बाल्कनीला जाळी लावून गेला. पुढचे कितीतरी दिवस कबुतरं जाळीबाहेर ओळीने येऊन बसायची. मी पडदा ओढून घ्यायचे. मग एकेक कमी होत गेलं.

आईला सांगायला मला पावसाळा लागला. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, बोट दाखवण्याचं ते वाक्य आता येणार. ती म्हणाली, "सकाळी दहाला तुझ्याकडे कुणी नसतं म्हणतेस. तेव्हा इथे साडेसहा झालेले असतात. मी जागीच असते की गं. दुधाची वाट बघत."

"तुला काळजी वाटली असती."

"काळजी मला आत्ताही वाटते," आई म्हणाली. "नुसती कशाची ते ठाऊक नव्हतं."

त्याच सुमारास सुहासने घर बदलायचं काढलं. योकोहामाकडे बँकेच्या ओळखीतून एक घर मिळत होतं. त्याचा प्रवास वाढणार होता, तरी तो तयार होता. "तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही," तो म्हणाला. त्याने हे माझ्यासाठी केलं होतं, हे मला समजत होतं. सानिका जेवता जेवता थांबली. "तिथे मी हातो-चान नसेन," ती म्हणाली, आणि मग जरा वेळाने, "पण तिथे मी कुणाची कुणीच नसेन."

मी रात्रभर त्या वाक्याचा विचार केला असं नाही. पण दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मनात आलं, इथे आल्यावर पहिली चार वर्षं मला कशाचीच लाज वाटली नव्हती. बोलता येत नाही याचं वाईट वाटायचं, राग यायचा, लाज नाही. रेल्वेत शेजारी बसलेल्या माणसाची कुणाला लाज वाटते? तो उतरून जाणार असतो, आपणही. मोरिता-सानच्या दारात पहिल्यांदा मला या गावात कुणाच्यातरी डोळ्यांना डोळा देता आला नाही. मुलुंडला ते होतं. तिथे चार घरं अशी होती जिथे माझं काही चुकलं तर मान वर करवली नसती. घर म्हणजे काय, यावर मी मुलांकडून पुष्कळ निबंध लिहून घेतले, लाल शाईने तपासले. हे कुणी लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर मी कदाचित खोडलं असतं.

आमच्या इमारतीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे मिळून आवार साफ करतात. पाच वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. सुहास ऑफिसची कारणं द्यायचा, मला तर कुणी विचारलंच नव्हतं असं मी धरून चालले होते. त्या महिन्यात मी एकटीच खाली गेले. व्यवस्थापकांनी क्षणभर बघितलं आणि मला सुती हातमोजे दिले. सायकलींच्या स्टँडमागे गवत वाढलं होतं, तिथे पाठवलं. तिथे मोरिता-सान उकिडव्या बसून गवत उपटत होत्या.

मी त्यांच्यापासून थोडी दूर बसले. बराच वेळ दोघी उपटत राहिलो. त्या मुळासकट काढत होत्या, माझं वरच्यावर तुटत होतं. त्यांनी न बोलता एक छोटं खुरपं माझ्याकडे सरकवलं. मी एक वाक्य तयार करून आणलं होतं, सानिकाला न विचारता. पाणी खाली जातं हे मला माहीत नव्हतं, माफ करा. शेवटी एकदाचं म्हटलं. मान वर न करता, मातीकडे बघून.

मोरिता-सानचे हात थांबले. "शिरिमासेन," मी म्हटलेला शब्द त्यांनी परत म्हटला आणि नाही अशी मान हलवली. मग सावकाश, तोडून तोडून म्हणाल्या, "शिरिमासेन देशिता."

मी माहीत नाही असं म्हटलं होतं. माहीत नव्हतं असं म्हणायचं होतं. त्या वाट बघत होत्या. मी वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. यावेळी बरोबर आलं. चेहरा तापला होता. त्यांनी "हाय", म्हणजे हो, म्हणून मान तुकवली आणि पुढच्या गवताला हात घातला. माफ केलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

वर आले तेव्हा नखांत माती होती. सुहास लॅपटॉप उघडून बसला होता. "योकोहामाचा तो माणूस पुढच्या महिन्यात एखाद्या रविवारी घर दाखवतो म्हणतोय," तो म्हणाला. "पहिला रविवार सांगू?"

"पहिल्या रविवारी सफाई असते," मी म्हणाले. "आणि दुसरा कुठला रविवार शोधू नकोस. त्या घराला नाही म्हणून कळव."